केंब्रिजची बोट आणि 'विद्यार्थी नक्की कोण' हा जुना वाद

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन इंग्लिश विद्यापीठांत दरवर्षी वल्हवण्याची 'बोट रेस' होते, आणि २०२५ला केंब्रिजच्या काही जणांना तुमचा कोर्स पदवीचा नाही म्हणून त्यातून बाहेर ठेवलं. तो वाद समजायला थोडं मागे जाऊ. केंब्रिज विद्यापीठ १२०९ चं, पण तिथल्या खेळांची आणि क्लबांची जी परंपरा आज कौतुकाने सांगितली जाते ती जवळपास सगळी १९व्या शतकातली आहे. वादविवादाची संस्था १८१५ची, ऑक्सफर्डबरोबरची पहिली क्रिकेट मॅच १८२७ला लॉर्ड्सवर, पहिली बोट रेस १८२९ला हेन्लीला, नाटकवाल्यांचा क्लब १८५५चा आणि विनोदी प्रयोग करणारी मंडळी १८८३ची. फुटबॉलचं तर असं होतं की प्रत्येक जण आपापल्या शाळेचे नियम घेऊन यायचा, कुणी बॉल हातात धरायचा, कुणी नुसता पायाने खेळायचा, मग १८४८ला पोरांनीच बसून एक सामाईक नियमावली केली आणि पुढे १८६३ला फुटबॉलचे जे अधिकृत नियम ठरले त्यांच्यावर केंब्रिजच्या नियमांचा मोठा प्रभाव पडला.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की हे सगळं विद्यार्थ्यांनी स्वतः उभं केलं आणि स्वतःच चालवलं. म्हणून ऑक्सफर्डशी जे काही ठरायचं ते दोन क्लबांच्या आपसातल्या बोलण्यातून ठरायचं, आणि पुढचे बरेच वाद त्यातूनच आले.

रंगाचं बघा. १८३६च्या दुसऱ्या रेसला केंब्रिजच्या बोटीवर फिकट निळी फीत बांधली गेली आणि तोच रंग कायमचा झाला. पुढे ऑक्सफर्डविरुद्ध खेळणाऱ्याला 'ब्लू' म्हणायला लागले. १८९३ला क्रिकेटचा ब्लू रणजितसिंहजी या भारतीय विद्यार्थ्याला मिळाला, त्याच्याच नावाने आपण आज राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा खेळतो. त्याच्या दोन वर्षं आधी, १८९१ला, तिथल्या भारतीय पोरांनी स्वतःची चर्चा मंडळी म्हणजे 'मजलिस' काढली होती. या विषयावर मराठीत फार लिहिलं गेलं नाहीये, लिहायला हवं.

रोइंगमध्ये, म्हणजे वल्हवण्यात, केंब्रिजची खरी मजा मात्र ऑक्सफर्डच्या रेसपेक्षा कॉलेजांच्या आपसातल्या 'बंप्स'मध्ये आहे असं माझं मत. कॅम नदी इतकी अरुंद की बोटी शेजारी शेजारी पळवता येत नाहीत, म्हणून एकामागे एक उभ्या करतात, दोन बोटींमध्ये साधारण दीड बोटीचं अंतर, तोफ उडाली की सगळ्या एकदम सुटतात आणि प्रत्येकीने पुढचीला गाठून टेकायचं. पुढच्या बोटीचा कॉक्स, म्हणजे सुकाणू सांभाळणारा, हात वर करतो, म्हणजे मान्य, लागली. मग दोन्ही बोटी काठाला जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागांची अदलाबदल. असं चार दिवस. या स्पर्धेचं नाव 'मे बंप्स' आणि होते जूनमध्ये. चारही दिवस पुढचीला गाठलं तर क्रूला रंगवलेलं वल्हं मिळतं, ते आयुष्यभर घरात भिंतीवर असतं. कुणी कितव्या नंबरवरून सुरू करायचं ते गेल्या वर्षी जिथे संपवलं त्यावर ठरतं, म्हणजे आजची पोरं कुठून सुरू करतात ते कित्येक वर्षांपूर्वीच्या पोरांनी ठरवून ठेवलेलं असतं.

आता बायकांचं, कारण अलीकडचा वाद त्याशिवाय नीट कळत नाही. बायकांची पहिली ऑक्सफर्ड-केंब्रिज रेस १९२७ची. ती पण रेस म्हणावी अशी नव्हती, दोन्ही बोटी एकाच वेळी पाण्यात नव्हत्याच, गुण दिले शैलीला आणि वेळेला. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी आणि विद्यापीठाचं सदस्यत्व दिलं १९४८ला! म्हणजे १९२७ला ज्या बोटीला आपण 'केंब्रिजची बोट' म्हणतो त्यातली एकही मुलगी नियमाने विद्यापीठाची सदस्य नव्हती. तरी त्या केंब्रिजकडून वल्हवल्या आणि इतिहासात तशीच नोंद आहे. पुढे बरीच वर्षं त्यांची रेस हेन्लीला दोन किलोमीटरची असायची आणि पुरुषांची लंडनला थेम्सवर ६.८ किलोमीटरची. त्याच दिवशी त्याच पाण्यावर बायकांची रेस व्हायला २०१५ उजाडलं.

आणि आता २०२५. शाळेत शिक्षक व्हायचं तर तिकडे पीजीसीई नावाचा एक वर्षाचा कोर्स असतो, काम आपल्या बीएडचंच, पण कागदावर ती डिग्री नाही तर सर्टिफिकेट. पोरं निम्म्याहून जास्त दिवस प्रत्यक्ष शाळेत शिकवतात. केंब्रिजकडून रेससाठी तयारी करणारे काही जण हा कोर्स करत होते. ऑक्सफर्डच्या बाजूने हरकत आली की ही पदवी नाही, सबब हे पात्र नाहीत, आणि नियमांचा अर्थ लावायला बसलेल्या मंडळींनी ती मान्य केली. रेसला काही आठवडे उरलेले असताना ही पोरं बाहेर. याशिवाय पहिल्या पदवीला प्रवेश घेतल्यापासून १२ वर्षांच्या आतच रेस करता येईल अशीही अट आली. २०१९ला दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं असलेला ४६ वर्षांचा माणूस केंब्रिजच्या बोटीत होता, त्याची पार्श्वभूमी या अटीला आहे.

१२ वर्षांची अट मला पटते, सराईत खेळाडू फक्त रेससाठी ॲडमिशन घेऊन येऊ नयेत ही काळजी खरी आहे. पण पीजीसीईचा निर्णय चुकला असं मला ठाम वाटतं. दिवसभर वर्गात शिकवून पहाटे ट्रेनिंगला जाणारा माणूस पळवाट शोधणारा नसतो. आणि डिग्री हाच विद्यार्थी असण्याचा पुरावा धरायचा तर १९२७ची बोट कुठे ठेवायची? ऑक्सफर्डच्या बाजूचं म्हणणं असं की नियम लिहिलेला आहे आणि लिहिलेलाच पाळायचा. मुद्दा आहे त्यात, पण नियम दोन्ही क्लबांनीच केलेला असतो आणि सीझन संपल्यावर निवांत बसून तो बदलताही येतो, मध्येच पोरांवर उगारायची गरज नव्हती.

१३ एप्रिल २०२५ला केंब्रिजने पुरुषांची आणि बायकांची दोन्ही रेस जिंकली, त्यामुळे बाहेर ठेवलेल्यांची चर्चा लगेच मागे पडली. पण हा कोर्स एकाच वर्षाचा असतो. ज्यांची ती रेस हुकली त्यांना पुन्हा बोटीत बसायचं तर विद्यापीठात दुसरी ॲडमिशन घेऊनच बसावं लागणार.