एकाच इंपेलरवर दोन कामे: मिक्सर-सेटलरची पार्श्वभूमी

द्रावक निष्कर्षण, म्हणजे पाण्यात विरघळलेला हवा तो पदार्थ पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात ओढून घेणे, प्रयोगशाळेत जुनेच आहे. यूजीन पेलिगो यांनी १८४२ मध्ये युरेनिल नायट्रेट ईथरमध्ये विरघळते हे दाखवले. त्यावर कारखाना उभा राहायला शंभर वर्षे गेली: १९४२ मध्ये अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पासाठी सेंट लुइसच्या मॅलिनक्रॉट कंपनीने याच पद्धतीने युरेनियम शुद्ध केले.

खरी अडचण रसायनापेक्षा द्रव हलवण्याची होती. मिक्सरमध्ये पाणी आणि द्रावक घुसळायचे, सेटलरमध्ये ते आपोआप वेगळे होऊ द्यायचे आणि मग दोघांना विरुद्ध दिशांच्या टप्प्यांकडे, म्हणजे ओळीतल्या अशाच शेजारच्या मिक्सर-सेटलर जोड्यांकडे, पाठवायचे. वाटेत घर्षणाने द्रवाच्या पातळीची थोडी उंची गमावली जाते, ती प्रत्येक टप्प्यावर भरून काढावी लागते. दर टप्प्याला स्वतंत्र पंप बसवणे किरणोत्सर्गी द्रवांच्या कारखान्यात परवडणारे नव्हते, कारण बिघडलेल्या पंपाजवळ माणूस जाऊच शकत नाही. अमेरिकेच्या नॉल्स अणुशक्ती प्रयोगशाळेत पंप-मिक्स मिक्सर-सेटलर विकसित झाला, तो याच गरजेतून. घुसळणाऱ्या इंपेलरनेच, म्हणजे फिरत्या पात्यांच्या चाकानेच, द्रव ओढायचा, ही त्यामागची कल्पना मला फार देखणी वाटते.

या यंत्राची रचना साधी आहे. मिक्सरच्या तळाशी एक कप्पा असतो, त्यात शेजारच्या टप्प्यांतून दोन्ही द्रव येतात. कप्प्याच्या झाकणाला मधोमध भोक आणि त्याच्या अगदी वर इंपेलर. पाती द्रव बाहेर फेकतात, मध्यभागी दाब उतरतो आणि भोकातून नवा द्रव वर चढतो. म्हणूनच भोक आणि पाती यांच्यातले अंतर फार महत्त्वाचे. ते वाढले की ओढ मंदावते.

तांब्याच्या धंद्यात हे यंत्र अवाढव्य झाले. १९६८ मध्ये ॲरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीत जनरल मिल्सच्या लिक्स ६४ या द्रावकात मिसळायच्या रसायनाने तांबे काढणे सुरू झाले, पुढे झांबियातल्या न्चांगासारखे मोठे प्रकल्प आले. तिथे या जोड-कामाची खरी किंमत कळली. इंपेलरचा वेग दुप्पट केला तर प्रवाह साधारण दुप्पट आणि उचल (द्रव जितका उंच चढतो ती उंची) चौपट होते, शक्ती मात्र आठपट लागते. ही जादा शक्ती थेंबांना चिरडण्यात जाते. थेंब बारीक झाले की धातूची देवाणघेवाण लवकर होते, पण अतिबारीक थेंब सेटलरमध्ये वेगळे होतच नाहीत. ते पाण्याबरोबर वाहून जातात आणि महागडे द्रावक घेऊन जातात. माझ्या मते या तंत्राचा पुढचा सगळा इतिहास या थेंबांशी झगडण्याचाच आहे.

त्यातूनच वर तबकडी आणि खाली मागे वळलेली पाती असलेले, मोठ्या व्यासाचे, संथ इंपेलर आले. फिनलंडच्या औटोकुंपू कंपनीने तर दोन्ही कामे पुन्हा वेगळी केली: एका टाकीत फक्त उचलणारा पंप, पुढच्या टाक्यांत सर्पिल पट्ट्यांचे मंद मिक्सर.