मालदीवची गेस्टहाऊस पुन्हा सुरू : बुकिंग करण्याआधी एवढं वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नोव्हेंबर २०२०

दिवाळीपासून रोज विचारणा होते आहे : मालदीव सुरू झालं म्हणतात, जाता येईल का? जाता येईल. मात्र तिथे कुठे उतरणार, यावर बाकीचं बरंच अवलंबून आहे. आमच्याकडून जाणारी बहुतेक मंडळी महागड्या रिसॉर्टवर न राहता माफुशी, धिगुरा, उकुल्हास अशा वस्तीच्या बेटांवर, गेस्टहाऊसमध्ये राहतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. यातले नियम, दर आणि तारखा नोव्हेंबर २०२० मधल्या आहेत.

गेस्टहाऊसना उशिरा परवानगी का?

कोविडच्या साथीमुळे मालदीवने मार्चअखेर पर्यटकांना व्हिसा देणं थांबवलं आणि १५ जुलैला सीमा पुन्हा उघडली. पण ती उघडली रिसॉर्ट आणि सफारी बोटींसाठी (पर्यटक जिच्यावरच मुक्काम करतात ती बोट). गेस्टहाऊसना १ ऑगस्टची तारीख दिली होती, ती पुढे ढकलली गेली आणि परवानगी आली १५ ऑक्टोबरला. मधल्या काळात आमच्या बऱ्याच ग्राहकांना वाटलं की छोट्या व्यावसायिकांवर अन्याय होतोय. आम्हाला तो निर्णय योग्यच वाटतो.

तिकडे सहसा एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. पाहुणे आणि कर्मचारी सोडले तर त्या बेटावर कुणी राहत नाही. ७ मार्चला देशातले पहिले दोन रुग्ण कुरेडू रिसॉर्टवर सापडले, तेव्हा ते बेटच्या बेट बंद करता आलं. एप्रिलच्या मध्यावर राजधानी मालेत लागण शिरली, तेव्हा तसं करण्याची सोय नव्हती. माले दाटीवाटीचं शहर आहे, एकेका खोलीत कितीतरी माणसं राहतात. साथ तिथे झपाट्याने पसरली.

गेस्टहाऊस असतं गावात. तुमच्या खोलीच्या भिंतीला लागून कुणाचं तरी घर असतं, गल्लीच्या टोकाला शाळा आणि मशीद, कोपऱ्यावर वाणसामानाचं दुकान. नाश्त्याला मासहुनी (मासा आणि खोबऱ्याचं मिश्रण) आणि रोशी (तिकडची चपाती) वाढणाऱ्या बाई संध्याकाळी त्याच गल्लीत आपल्या सासूबाईंकडे जातात. गावात आरोग्य केंद्र असतं, पण लहान. रुग्ण अत्यवस्थ झाला तर बोटीत घालून मोठ्या रुग्णालयाच्या बेटावर न्यावा लागतो, आणि समुद्र खवळलेला असेल तर तेही अवघड. आपल्या कोकणात खाडीपलीकडच्या गावांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. तुमच्याकडून मागितलेला अहवाल, मास्क, अंतर हे सगळं मुख्यतः या शेजाऱ्यांसाठी आहे, हे ध्यानात ठेवून निघा.

चाचणी आणि कागदपत्रं

१० सप्टेंबरपासून प्रत्येक पर्यटकाला आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल लागतो. प्रवासाला निघण्याआधीच्या ९६ तासांच्या आत नमुना दिलेला हवा. एक वर्षाखालच्या बाळांना सूट आहे. ९६ तास नमुना दिल्यापासून मोजतात, अहवाल हातात आल्यापासून नव्हे. समजा विमान शनिवारी सकाळी ११ वाजता आहे. मंगळवारी सकाळी ११ नंतर दिलेला नमुना चालेल, पण आम्ही बुधवारी सकाळी द्यायला सांगतो. गुरुवारी अहवाल आला आणि त्यात काही चूक निघाली, तर ती दुरुस्त करून घ्यायला शुक्रवार मोकळा राहतो.

चूक हमखास होते ती नावात. अहवालावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच लागतं. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, लॅबमधला मुलगा घाईत नुसतं ‘एस. पाटील’ लिहून मोकळा होतो. लग्नानंतर आधारवर सासरचं आणि पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल, तर जास्तच जपा. नमुना देताना आधार दाखवू नका, पासपोर्टच पुढे करा आणि स्पेलिंग समोर उभं राहून तपासा. लॅबचं नाव-पत्ता, नमुन्याची तारीख आणि चाचणीचा प्रकारही अहवालावर हवा. राज्य सरकारने ऑक्टोबरअखेर दर कमी केले आहेत : केंद्रावर जाऊन नमुना दिला तर ९८० रुपये, घरी बोलावलं तर १,८००. यापेक्षा जास्त देऊ नका.

व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, भारतीयांना ९० दिवसांपर्यंतचा, मोफत. त्यासाठी मुक्कामाचं पक्कं बुकिंग दाखवावं लागतं. पोहोचण्याआधीच्या २४ तासांत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर आरोग्यविषयक अर्ज भरायचा. तिथून निघतानाही तो पुन्हा भरावा लागतो. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा अजून बंद असल्याने जाणं-येणं भारत आणि मालदीव यांच्यातल्या एअर बबल व्यवस्थेतल्या (दोन देशांनी आपसात ठरवून सुरू केलेल्या मोजक्या) विमानांनीच होईल.

परतीची चाचणी

याचा विचार लोक शेवटी करतात, आम्ही तो बुकिंगच्या दिवशीच करायला लावतो. मुंबईत उतरल्यावर संस्थात्मक विलगीकरण टाळायचं असेल, तर प्रवासाआधीच्या ७२ तासांतला निगेटिव्ह अहवाल ‘एअर सुविधा’ या भारत सरकारच्या संकेतस्थळावर चढवलेला हवा. तो नसेल तर स्वखर्चाने सात दिवस हॉटेलात आणि पुढचे सात दिवस घरी. प्रत्येक बेटावर नमुना घेण्याची सोय नाही, आणि असली तरी तपासणी दुसरीकडे होऊ शकते. म्हणून गेस्टहाऊस ठरवताना आमचा पहिला प्रश्न खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो का हा नसतो. नमुना कुठे घेतात आणि अहवाल किती तासांत देतात, हे आम्ही आधी विचारतो. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर ते ठिकाण आम्ही सुचवत नाही.

मुक्कामाबद्दल थोडं

माले आणि हुळहुमाले भागातल्या गेस्टहाऊसना १५ ऑक्टोबरची परवानगी नाही. त्यामुळे विमानतळावरून थेट बेटाची स्पीडबोट मिळेल अशाच वेळेचं विमान आम्ही घेतो. माफुशीला जायला अर्धा-पाऊण तास लागतो. एकाच सहलीत दोन ठिकाणी राहायचं असेल तर पर्यटन मंत्रालयाची आगाऊ परवानगी लागते, म्हणून सध्या एकच बेट निवडा, असा आमचा सल्ला आहे. गेस्टहाऊसमध्ये माणशी रोज तीन डॉलर हरित कर पडतो. भाड्यात तो धरला आहे की नाही, हे आमच्या पावतीवर वेगळं लिहिलेलं असतं.

वस्तीच्या बेटावर दारू चालत नाही. पोहण्याचे कपडे पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यापुरतेच, गल्लीत फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पूजेच्या मूर्ती देशात न्यायला बंदी आहे, तेव्हा सामानातली छोटी गणपतीची मूर्ती घरीच ठेवा.

तिथे पॉझिटिव्ह आलात तर

मग ठरलेल्या दिवशी परत येता येणार नाही. विलगीकरणातल्या राहण्या-जेवण्याचा खर्च, विम्यात बसत नसेल तर, तुमचाच. प्रवास विमा घेताना कोविडचा उपचार आणि विलगीकरणाचा मुक्काम हे दोन्ही पॉलिसीत लिहिलेलं आहे का, ते पाहा. नुसतं ‘वैद्यकीय खर्च’ असेल तर ते पुरेसं समजू नका. पॉलिसी आमच्याकडे घेऊन आलात, तर आम्ही तुमच्यासोबत बसून वाचू. त्याचं शुल्क नाही.

निघण्याआधीच अहवाल पॉझिटिव्ह आला तर आमचं सेवाशुल्क आम्ही घेणार नाही आणि गेस्टहाऊसची तारीख पुढे करून देऊ. विमानाच्या तिकिटाला मात्र त्या कंपनीचे नियम लागू राहतील.

घरात वयस्कर कुणी असेल, कुणाला मधुमेह किंवा दम्याचा त्रास असेल, तर या हंगामात थांबा, असंच आम्ही सांगू. त्यासाठी आधी भरलेली रक्कम परत हवी असेल तर पावती आणि पासपोर्टची प्रत घेऊन कार्यालयात या. येताना एकाच व्यक्तीने यावं, आणि आधी फोन करून वेळ घ्यावी.