आठळी, शेंगदाणा आणि पेशीवरची साखर

फणसाचा हंगाम आला की कोकणात आठळ्या धुऊन, वाळवून पावसाळ्याच्या भाजीसाठी ठेवतात. कच्च्या आठळीत जॅकलिन नावाचं प्रथिन असतं. पेशीवरची ठरावीक साखर ओळखून ते तिला चिकटतं. अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. आपल्या प्रतिकारपेशींकडेही स्वतःची लेक्टिनं असतात, आणि समोरची पेशी आपली की परकी, हे त्या बऱ्याच अंशी साखरेवरूनच ठरवतात.

जॅकलिनचं काम प्रयोगशाळेत नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सोललेली आठळी ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात वाटायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि वरचं निवळ पाणी घ्यायचं. पिष्ट राहिलं तर ते तळाशी बसून निकाल झाकतं. गोल तळाच्या खळग्यांत हा अर्क दर वेळी निम्म्याने पातळ करत जायचा. प्रत्येक खळग्यात, तीनदा धुतलेल्या लाल पेशींचं २ टक्क्यांचं मिश्रण अर्काइतकंच घालायचं आणि तासभर हात लावायचा नाही. पेशी सुट्ट्या असतील तर घरंगळून मधोमध ठसठशीत लाल ठिपका होतो. लेक्टिनने त्या एकमेकींना जोडल्या, तर तळभर फिकट पापुद्रा पसरतो. मग रक्तगट कुठलाही असो. जॅकलिन ओळखतं ती साखर म्हणजे गॅलॅक्टोज. एका खळग्यात ते भरपूर घातलं की जॅकलिन त्यातच गुंततं आणि ठिपका पुन्हा दिसतो. हा ताळा घेतल्याशिवाय पेशी साखरेमुळेच गोळा झाल्या असं म्हणता येत नाही. चांगल्या उकळलेल्या आठळीच्या अर्काने पेशी गोळा होत नाहीत, कारण उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते.

शेंगदाण्यातलं लेक्टिनही याच साखरेला धरतं, पण निरोगी लाल पेशींपुढे ते ढिम्म राहतं. त्या साखरेवर सियालिक आम्लाची टोपी असते. जॅकलिनला ती आड येत नाही, शेंगदाण्याला येते.

खरी गोम या टोपीतच आहे. प्रतिकारपेशींवर सिग्लेक नावाचे ग्राहक, म्हणजे समोरची खूण ओळखणारी प्रथिनं असतात. त्यातले बहुतेक, सियालिक आम्ल भेटलं की पेशीचा हल्ला आवरतात. रक्तातलं फॅक्टर एच हे प्रथिनही त्याच्याच आधाराने आपल्या पेशींना वाचवतं. न्यूमोकोकस जंतूचं न्युरामिनिडेज हे विकर नेमकं तेच छाटतं. खालची साखर उघडी पडते, आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं जवळपास प्रत्येक प्रौढाच्या रक्तात आधीपासून असतात. मग रुग्णाच्या लाल पेशी जवळपास कुठल्याही प्रौढाच्या सीरमने गोळा होतात आणि रक्ताची जुळणी गोंधळात टाकते. अशा वेळी शेंगदाण्याचं लेक्टिन उपयोगी पडतं: त्याने पेशी गोळा झाल्या, तर टोपी गेलेली आहे. न्यूमोकोकसचा न्यूमोनिया झालेल्या लहान मुलाची लघवी अचानक कमी झाली, अंग पांढरंफटक पडलं, तर ही शक्यता लगेच तपासायला हवी. लाल पेशी फुटून मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका त्यात असतो.