तान्ह्या बाळाचं खाणंपिणं: पिढ्यांचे बदलते सल्ले

तान्ह्या बाळाला काय पाजायचं आणि वरचं कधी सुरू करायचं, याबद्दलचे महाराष्ट्रातले सल्ले गेल्या तीन-चार पिढ्यांत पार उलटेपालटे झालेत. सगळ्यात मोठा बदल पहिल्या तीन दिवसांचा. पूर्वी कितीतरी घरांत आईचं पहिलं घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक बाळाला बाधतं म्हणून पिळून टाकायचे आणि तोवर मध नाहीतर साखरपाणी चाटवायचे. आता जन्मल्यावर पहिल्या तासातच अंगावर घ्यायला सांगतात, कारण रोगाशी लढणारे घटक त्या चिकातच ठासून भरलेले असतात, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

गुटीचंही तसंच. सहाणेवर आईच्या दुधात मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ, हळकुंड, बदाम, खारीक उगाळायची, प्रत्येकाचे वेढे ठरलेले, बाळ मोठं होईल तसे वेढे वाढवायचे, मग बोंडल्याने पाजायचं. यात माया खूप होती, पण सहाणेतून आणि हातातून जंतू पोटात जातात, जायफळाने बाळ गुंगतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ आता नको म्हणतात.

पण सगळं खापर आज्यांवर फोडणं बरोबर नाही. मधल्या पिढीत, साधारण १९६० ते ८० च्या काळात, बाटली, पावडरचा डबा आणि दर तीन-चार तासांनी घड्याळ बघून पाजायचा नियम हे सगळं शहरांत बऱ्याचदा दवाखान्यातूनच घरी आलं. डबा महाग, मग पुरवून पुरवून पातळ दूध करायचं, त्यात पाणी अस्वच्छ, म्हणजे जुलाब आणि कुपोषण ठरलेलंच. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची डब्याच्या दुधाच्या विक्रीबद्दल संहिता आली, आपल्याकडे १९९२ चा कायदा आला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद खाण्याच्या जाहिराती बंद झाल्या, डब्यावरचं गुटगुटीत बाळाचं चित्रसुद्धा. मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच आशियातली पहिली मानवी दुधाची बँक सुरू केली होती, ज्या बाळांना आईचं दूध मिळत नाही त्यांच्यासाठी, आणि हे काम खरंच फार मोठं आहे.

वरचं सुरू करायचं वयही सरकलं. आधी चार ते सहा महिने म्हणायचे, २००१ पासून पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातही पाण्याचा थेंब नको. सहाव्या महिन्यात उष्टावण करायची जुनी रीत याच्याशी बरीचशी जुळते, फक्त सहा महिने पूर्ण झालेले हवेत, नाचणीसत्त्व आणि तांदूळ-मुगाचं खिमटसुद्धा चालतंच. फक्त वरणाचं वरचं पाणी पाजू नका, त्याने पोट भरतं पण अंगी काही लागत नाही, वरण-भात मऊ कुस्करून, वर तूप घालून, चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतपत घट्ट द्यायचा.