डिमेन्शिया: डॉक्टर अनेक, पण सगळं मिळून कोण बघतं?

समजा, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या आजोबांना न्यूरोलॉजिस्टने डोनेपेझिल हे औषध सुरू केलं. काही आठवड्यांनी त्यांना लघवी आवरेना, अंथरूण ओलं होऊ लागलं. घरचे त्यांना यूरोलॉजिस्टकडे घेऊन गेले. तिथे ऑक्सिब्युटिनिन लिहून मिळालं. लघवी थोडी आटोक्यात आली, पण आजोबांचा गोंधळ वाढला. 'आजार बळावला' असं सगळ्यांनी धरून चाललं.

आत चालली होती ती गोळ्यांची रस्सीखेच. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात मेंदूतलं ॲसिटिलकोलिन हे रसायन कमी पडतं. डोनेपेझिल ते लवकर मोडू देत नाही, म्हणून स्मृतीला थोडा आधार मिळतो. पण मूत्राशय आकुंचन पावतं तेही याच रसायनामुळे, त्यामुळे काहींना हा त्रास सुरू होतो. ऑक्सिब्युटिनिन नेमकं याच रसायनाचं काम अडवतं, आणि ते मेंदूतही पोचतं. सर्दीच्या काही साध्या गोळ्याही हेच करतात!

इतर आजारांत रुग्ण स्वतः सांगतो, 'मला अमुक गोळी चालू आहे.' इथे ते सांगणारी आठवणच हरवलेली असते. म्हणून सगळी प्रिस्क्रिप्शनं एकत्र वाचणारं कुणीतरी हवंच. फार्मासिस्ट हे काम उत्तम करू शकतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्ट गिळण्याची तपासणी करतो, कारण अन्न फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. आणि एक-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ हा बहुधा डिमेन्शियाचा नसतोच, त्यामागे लघवीतला संसर्ग किंवा बद्धकोष्ठताही असू शकते. हे आधी लक्षात येतं ते परिचारिकेच्या किंवा सुनेच्या.

या टीममध्ये सगळे तज्ज्ञच हवेत असंही नाही. गोव्यात 81 कुटुंबांवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरोघरी जात राहिले, मदतीला मानसोपचारतज्ज्ञ होते. रुग्णांमध्ये ठळक फरक दिसला नाही, पण काळजी घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. रात्री-अपरात्री उठणारं माणूसच कोलमडलं तर डॉक्टरांना बातमी द्यायची कुणी?

पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. सर्दीच्या, झोपेच्या, आयुर्वेदिकसुद्धा. गोंधळ कधीपासून वाढला, ती तारीखही लिहून न्या. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी बंद करू नका.