विवाहपूर्व करार (बडोदे)

विवाहपूर्व करार म्हणजे मालमत्ता, कर्जे, दागिने आणि घरखर्च यांविषयी वधूवरांनी लग्नाआधी लिहून सही केलेला कागद. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या जुन्या मराठी वस्त्यांत लग्न ठरताना कागद करणे नवे नाही. बैठकीत बोलणी झाली की माथ्यावर ‘श्री’ लिहून, हळदकुंकू लावून ‘यादी’ होते आणि दोन्हीकडचे वडीलधारे सह्या करतात. तीत मानपान, आहेर, करवलीची साडी असते. मुलाच्या फ्लॅटचे गृहकर्ज किंवा मुलीच्या नावच्या ठेवी नसतात. त्यांचा विषय काढला की ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ऐकावे लागते. वास्तविक सयाजीराव तिसऱ्यांच्या संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्येच केला होता, म्हणजे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २४ वर्षे आधी. त्या दूरदृष्टीचा अभिमान इथे घरोघरी सांगितला जातो, पण बैठकीत तो कोणाला आठवत नाही.

हिंदू विवाहापुरते पाहिले तर अशा कराराला मान्यता देणारी वेगळी तरतूद कायद्यात नाही. वाद झाला की कागद १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २३ वर घासला जातो आणि सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेली अट रद्द ठरते. बायकोला माहेराहून कधीही नेणार नाही, असे नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिलेले कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ मध्ये फेटाळले; घरजावयाचा करारही टिकला नाही तो असा. पोटगीचा हक्क आधीच सोडून देणारी अटही न्यायालये मानत नाहीत. गोव्यातली गोष्ट निराळी, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे तिथे रीतसर केलेला विवाहपूर्व करार बंधनकारक असतो. नोटरीचा शिक्का बडोद्यात सहज मिळतो, पण सही कोणाची हे त्यावरून कळते. अट टिकेल की नाही, हे कळत नाही.

तरीही सही निरर्थक नसते. कोणाचे काय होते याचा पुरावा म्हणून हा कागद उपयोगी पडतो आणि त्याची खरी किंमत तेवढीच आहे. हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार वधू आणि वर या दोघांनीही मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहून तीवर दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात. हे काम फारच थोडी घरे करतात. स्त्रीधन पत्नीचेच, सासरी ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले; पण कोणते दागिने माहेरून आले हे दाखवायला काहीतरी हातात लागते. उलट मुलीकडून घ्यायची रक्कम कागदावर आली, मग ती जुन्या पद्धतीच्या यादीत का असेना, तर १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याच्या कलम ५ नुसार तो करार रद्दबातल ठरतो आणि हुंडा घेणारा-देणारा दोघेही गुन्ह्यात सापडतात.

सही करण्याआधी कर्जांची चौकशी आधी करावी, दागिन्यांची नंतर. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत घरचे वर्कशॉप असेल तर मुलगा बँकेकडे जामीन राहिलेला असू शकतो. नंतर सुनेलाही भागीदार किंवा जामीनदार केले जाते. ही माहिती लपवणाऱ्या करारावर सही करू नये. दोन्ही बाजूंचा वकील एकच असेल किंवा कागद हळदीच्या दिवशी पुढे आला असेल, तर थांबावे; दडपणाखाली घेतलेली संमती कायद्याने मुक्त संमती मानली जात नाही.

लग्नानंतर अमेरिकेला किंवा कॅनडाला जायचे असेल तर हिशेब बदलतो. तिथली न्यायालये असे करार गांभीर्याने घेतात, त्यामुळे ‘इथे कोण विचारतो’ म्हणून केलेली सही तिकडे अडचणीची ठरू शकते. मसुदा त्या राज्याचा किंवा प्रांताचा कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्यावा. वाड्यातला हिस्सा किंवा फ्लॅट जोडीदाराला द्यायचाच असेल, तर करारापेक्षा नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र अधिक भरवशाचे.