कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारतो का?

माघ-फाल्गुनात भेंडी, गवार, काकडीच्या उन्हाळी लागवडीसाठी कुंड्या नव्याने भरताना तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा, म्हणजे पाणी साचून मुळे कुजत नाहीत, असा सल्ला हमखास दिला जातो. खडीतून पाणी झरझर वाहताना सर्वांनी पाहिलेले असल्यामुळे तो पटतोही. प्रत्यक्षात मातीतील बारीक पोकळ्या पाणी घट्ट धरून ठेवतात आणि त्यांच्याखाली खडीतील मोठ्या पोकळ्या असल्या, तर वरची माती चिंब होईपर्यंत ते खाली उतरत नाही. परिणामी एरवी कुंडीच्या तळाशी राहणारा चिखलाचा पट्टा खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ सरकतो, शिवाय मातीची खोलीही कमी होते.

हे घरीच तपासता येते. दोन सारख्या पारदर्शक बाटल्यांची तोंडे कापून तळाला भोके पाडावीत, एकीत नुसती माती आणि दुसरीत खडीवर तीच माती भरून भरपूर पाणी घालावे. ठिबकणे थांबले की बाजूने पाहावे : दुसऱ्या बाटलीत गडद, ओथंबलेला पट्टा खडीला लागूनच वर दिसतो.

माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापरीचा तुकडा ठेवण्यास मात्र हरकत नाही. निचरा हवा असेल, तर भोके पुरेशी ठेवून संपूर्ण मातीतच जाडसर वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे.